भिंतीवरचं लढाऊ विमान : गिऱ्हाइकं हमखास विचारतात ते प्रश्न

जळगावात आमचं फ्रेमचं दुकान आहे. देवादिकांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, पोरांची प्रमाणपत्रं आणि घरातल्या गेलेल्या माणसाचा हार घालायचा फोटो, हे आमचं रोजचं काम. गेल्या काही वर्षांत त्यात जुन्या युद्धविमानांची चित्रं शिरली. आधी एक-दोन हौशी यायचे. आता धुळे, भुसावळ, शहाद्याहूनही फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाची इथे लिहून टाकतो.

‘विंटेज’ म्हणजे चित्र खरंच जुनं असतं का?

शंभरात क्वचित एखादं. बाकी सगळी जुन्या चित्रांची नवी छपाई. त्यात वाईट काही नाही, फक्त विकणाऱ्याने तसं सांगायला हवं. आम्ही फ्रेमच्या पाठीमागे ‘नवी छपाई’ असा शिक्का मारून देतो.

मुंबईच्या चोरबाजारातून कुणी ‘अस्सल लढाईच्या वेळचं पोस्टर’ आणलं, तर मी आधी भिंग काढतो. जुन्या छापखान्यातल्या रंगीत छपाईत ठिपक्यांची नीट नक्षी दिसते. आजच्या शाईच्या प्रिंटरवर छापलेल्या चित्रात रंगाचा बारीक फवारा उडाल्यासारखं दिसतं. कागदही बोलतो. खरा जुना कागद कडांना जास्त पिवळा पडतो आणि घडीवर चिरतो. चहाच्या पाण्यात बुडवून म्हातारा केलेला कागद सगळीकडे सारखाच तपकिरी असतो. एका गिऱ्हाइकाने अशा कागदाला बरेच पैसे मोजले होते. त्यांना खरं सांगताना मलाच कानकोंडं झालं.

कोणतं विमान निवडावं?

दहातले सात जण स्पिटफायर मागतात, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान. देखणं आहेच ते. टोकाकडे निमुळते होत जाणारे लंबगोल पंख, लांब नाक, पुढे रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन. ५ मार्च १९३६ ला ते पहिल्यांदा उडालं आणि पुढे सगळे प्रकार मिळून २० हजारांवर बनली. पण घरात येणारा पाहुणा विचारतो, “हेच का लावलं?” त्यावर “छान दिसतं म्हणून” एवढंच उत्तर असेल तर गप्पा तिथेच संपतात. मी गिऱ्हाइकाला नेहमी म्हणतो, आपल्याकडची विमानंही एकदा बघून घ्या.

हरिकेन घ्या. दुसऱ्या महायुद्धात आपल्या वायुदलाच्या पोरांनी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हे विमान उडवलं. १९४४ साली इम्फाळला वेढा पडला तेव्हा एक नंबरच्या स्क्वाड्रनची हरिकेन जपान्यांवर पाळत ठेवत होती. त्या स्क्वाड्रनचे प्रमुख होते अर्जन सिंग. त्याच वर्षी त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे शौर्यपदक मिळालं. पुढे ते वायुदलप्रमुख झाले आणि २००२ मध्ये ‘मार्शल ऑफ द इंडियन एअर फोर्स’.

डकोटा हे दिसायला साधं, मालवाहू विमान. त्याला तोफा नाहीत की दात नाहीत. पण २७ ऑक्टोबर १९४७ च्या सकाळी शीख रेजिमेंटचे जवान घेऊन श्रीनगरला उतरली ती डकोटाच. हॉलसाठी चित्र हवं आणि घरातल्यांना मारामारी नको असेल, तर मी हेच सुचवतो.

लिबरेटरची कथा तर आपल्या जुगाडू स्वभावाला शोभणारी. महायुद्ध संपल्यावर इंग्रजांनी ही चार इंजिनांची बॉम्बफेकी विमानं कानपूरला टाकून दिली, तीही कुणाला वापरता येऊ नयेत अशी मुद्दाम मोडून. हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या कामगारांनी त्यातूनच चालती विमानं उभी केली आणि वायुदलाने ती १९६८ पर्यंत वापरली. त्यातलं एक आज लंडनच्या वायुदल संग्रहालयात उभं आहे. ज्यांनी मोडून टाकलं, त्यांनाच पुढे ते आपल्याकडून मिळालं!

नॅट म्हणजे पोरांचं लाडकं. पंखांची रुंदी जेमतेम २२ फूट, म्हणजे मोठ्या हॉलमध्ये जवळजवळ मावेल एवढंसं विमान. १९६५ च्या युद्धात त्याने पाकिस्तानची सेबर नावाची लढाऊ विमानं पाडली. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरच्या धावपट्टीवर हल्ला चालू असतानाच निर्मलजीत सिंग सेखों नॅट घेऊन उडाले, एकट्याने सेबरच्या तुकडीला भिडले आणि त्यातच गेले. वायुदलाला मिळालेलं आजवरचं एकमेव परमवीर चक्र त्यांचं.

आणि मिग-२१. धुळ्याहून नाशिकला जाताना महामार्गावर ओझर लागतं, तिथल्या कारखान्यात ही विमानं तयार झाली. आपल्या भागातली कितीतरी माणसं तिथे नोकरीला होती. २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडमध्ये मिग-२१ निवृत्त झालं, तेव्हापासून त्याची मागणी एकदम वाढली. “वडिलांनी याचे रिव्हेट ठोकलेत,” असं सांगत चित्र घेऊन गेलेला माणूस मला स्पिटफायरवाल्या सातही जणांपेक्षा जास्त लक्षात राहिला.

स्पिटफायर आणि हरिकेन सारखीच दिसतात. फरक कसा ओळखायचा?

पाठ बघा. हरिकेनच्या पाठीला कुबड असतं, स्पिटफायर सडपातळ. हरिकेनचे पंख जाडसर, टोकाला साधे गोल. जमिनीवर उभं असेल तर चाकं बघा. हरिकेनची चाकं एकमेकांपासून लांब असतात आणि आतल्या बाजूला मिटतात. स्पिटफायरची जवळजवळ असतात आणि बाहेरच्या बाजूला मिटतात. हरिकेनचा मागचा भाग कापडाने मढवलेला असायचा. चांगल्या चित्रकाराने तिथे आडव्या पट्ट्यांचे उभार दाखवलेले असतात, ते शोधायला मजा येते.

पंखावरच्या गोल चिन्हाचे रंग वेगवेगळे का दिसतात? छपाईत चूक आहे का?

कधी चूक असते, कधी तोच खरा इतिहास असतो. माझीच एक फजिती सांगतो. इम्फाळच्या हरिकेनचं मोठं चित्र करून मी दुकानात दर्शनी लावलं होतं. चिन्ह निळं-पांढरं आणि मध्ये लाल. धुळ्याकडचे एक आबा मुलाच्या लग्नाचा फोटो फ्रेम करायला आले. वायुदलात नोकरी झालेली. चित्राकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “हाई इमान इंग्लंडनं शे, बर्मानं नही.”

मग आबांनीच मला समजावून सांगितलं. जपानी विमानांवर तांबडा सूर्य असायचा. घाईत आपल्याच माणसाने आपल्याच विमानावर गोळी झाडू नये, म्हणून पूर्वेकडच्या आघाडीवर चिन्हातला लाल ठिपका काढून टाकला. १९४३ नंतरच्या त्या विमानांवर गडद निळ्याच्या आत फिकट निळा, एवढंच असायचं. अमेरिकेनेही १९४२ च्या मे महिन्यात आपल्या पांढऱ्या ताऱ्यातला लाल ठिपका याच कारणाने काढला. मी ते चित्र त्याच दिवशी उतरवलं आणि आबांच्या फ्रेमचे पैसे घेतले नाहीत.

स्वातंत्र्यानंतरचं आपलं तिरंगी चिन्ह बाहेरून हिरवं, मग पांढरं, मध्ये केशरी असतं. इंटरनेटवरच्या काही स्वस्त चित्रांत हा क्रम उलटा असतो. १९७१ चं नॅट घेताना आधी तेवढं तपासा.

रंगांची खात्री करायची असेल तर दिल्लीच्या पालमचं वायुदल संग्रहालय बघून या. वापिती, लायसँडर, हरिकेन, स्पिटफायर, लिबरेटर, सगळी एका ठिकाणी आहेत. पंजाब मेल जळगाव, भुसावळला थांबतेच.

एका जर्मन विमानाच्या शेपटीवर स्वस्तिक आहे. शुभच ना?

नाही हो. हा प्रश्न मला फार वेळा येतो आणि विचारणारा अगदी भाबडेपणाने विचारतो. आपण उंबऱ्यावर, वहीपूजनाच्या पानावर काढतो त्या स्वस्तिकाशी याचा काही संबंध नाही. ते हिटलरच्या नाझी पक्षाचं चिन्ह, ज्याच्या नावाखाली लाखो ज्यू मारले गेले. जर्मनीत ते असं मिरवायला आज कायद्याने बंदी आहे. आमच्याकडे मेसरश्मिट या जर्मन लढाऊ विमानाचं चित्र मिळेल, पण शेपटी कोरी ठेवून. कुणाला तसंच हवं असेल तर त्यांनी दुसरं दुकान बघावं.

जाता जाता एक गंमत. फिनलंडच्या वायुदलाचं चिन्हही १९१८ ते १९४५ निळं स्वस्तिक होतं आणि ते नाझींच्या आधीपासूनचं होतं. पण हे प्रत्येक पाहुण्याला समजावत बसायची तयारी आहे का तुमची?

घरात युद्धाचं चित्र लावू नये म्हणतात. वास्तूच्या दृष्टीने चालेल का?

महाभारताच्या लढाईचं चित्र घरात नको, हे आपल्याकडे आज्या-पणज्या सांगत आल्या. दिशा आणि दोष यातलं मला कळत नाही, त्यासाठी तुमचे गुरुजी आहेत. पण त्या सांगण्यात मला एक शहाणपण दिसतं. रोज सकाळी चहा पिताना समोर काय बघायचं, हे आपण ठरवावं.

माझा स्वतःचा नियम असा, की जळत कोसळणारं विमान मी घरासाठी फ्रेम करत नाही. धुराचा लोट चित्रात झोकदार दिसतो, पण त्या धुरात एक माणूस बसलेला असतो. उडणारं, उतरणारं, धावपट्टीवर उभं असलेलं, मेकॅनिक त्याच्यावर चढून काम करताहेत असं चित्र घ्या. शेवटचा प्रकार माझा सगळ्यात आवडता. भुसावळ-वरणगावच्या आयुध निर्माणीत हयात घालवलेल्या मंडळींनाही तोच आवडतो, हे मी पाहिलंय.

याच कारणाने एक ऑर्डर मी परत केली होती. एका क्लासवाल्या सरांना अभ्यासिकेत बी-२९ हे अमेरिकी बॉम्बफेकी विमान हवं होतं आणि तेही ‘एनोला गे’, म्हणजे ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणारं. इतिहास आहे, पोरांना कळला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. कळायलाच पाहिजे, पण पुस्तकात. भिंतीवर सोनेरी पट्टीत बसवलं की इतिहासाची शोभेची वस्तू होते. सर थोडे रागावले. नंतर डकोटा घेऊन गेले.

शार्कचे दात रंगवलेलं विमान मिळेल का? आणि नाकावर बायकांची चित्रं असलेली?

दातवालं मिळेल. ‘फ्लाइंग टायगर्स’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकी वैमानिकांची ती पी-४० विमानं. ती डिसेंबर १९४१ पासून चीन आणि ब्रह्मदेशावर लढली. दातांची कल्पना त्यांची नव्हे. आफ्रिकेतल्या ११२ नंबरच्या ब्रिटिश स्क्वाड्रनच्या विमानांवर ते दात आधी होते आणि त्यांनी ते जर्मनांकडून उचलले होते. पोरांच्या खोलीत हे चित्र झकास दिसतं.

नाकावरच्या ललनांबद्दल एवढंच सांगतो, की ऑर्डर देण्याआधी घरात विचारा. एक फ्रेम सासूबाई येणार म्हणून दोन दिवसांत दुकानात परत आली होती.

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. चित्र टिकेल का?

खरा प्रश्न हाच आहे आणि तो फार कमी लोक विचारतात. मुंबई-पुण्याच्या दुकानातून आणलेली फ्रेम खान्देशात दोन उन्हाळ्यांत वाकते, ते यामुळेच.

पहिली गोष्ट शाई. स्वस्त प्रिंटरमधली डाय शाई उन्हात लवकर उडते आणि ऑलिव्ह हिरव्या रंगाचं विमान बघता बघता निळसर होतं. पिगमेंट शाईत छापलेलंच घ्या. तरीही पश्चिमेच्या खिडकीसमोरच्या भिंतीवर लावू नका. दुपारी तीन ते सहाचं ऊन कुठल्याच शाईला सोडत नाही.

दुसरा शत्रू कूलर. आपल्याकडे मार्च ते जून घरोघरी कूलर चालतो आणि त्याचा झोत नेमका हॉलच्या मोठ्या भिंतीवर असतो. दिवसा भट्टी, संध्याकाळी ओली हवा. कागद रोज फुगतो, रोज आक्रसतो, मग लाटा येतात आणि पावसाळ्यात बुरशीचे ठिपके पडतात. कूलरच्या झोतात फ्रेम नको, हा आमच्या दुकानाचा पहिला सल्ला.

तिसरं म्हणजे चित्र काचेला चिकटणं. मध्ये माउंट बोर्ड, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, घातला की कागद आणि काच यांच्यात थोडी पोकळी राहते. चार पैसे वाचवायला माउंट काढायला लावाल, तर एखाद्या दमट श्रावणात चित्र काचेला असं चिकटेल की सोडवताना पंखच निघून येतील. बोर्ड आम्लरहित घ्या, नाहीतर काही वर्षांत कडेने तपकिरी रेघ उमटते.

सनबोर्डवर, म्हणजे हलक्या फोमच्या पाटीवर, चिकटवलेलं चित्र स्वस्त पडतं आणि वाकतंही लवकर. पाठीला प्लाय असेल तर वाळवीचा उपचार केलेला आहे का ते विचारा. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराची बटणं लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळते.

काच घ्यावी की अ‍ॅक्रिलिक?

२४ बाय ३६ इंचांच्या फ्रेमला ३ मिलिमीटरची काच बसवली तर नुसती काचच ४ किलोच्या वर जाते. तेवढंच अ‍ॅक्रिलिक साधारण २ किलो. लहान फ्रेमला काच, मोठ्याला अ‍ॅक्रिलिक, असा सरळ हिशोब. पण अ‍ॅक्रिलिक उष्णतेने काचेपेक्षा कितीतरी जास्त पसरतं. हिवाळ्यातल्या पहाटेपासून मे महिन्याच्या दुपारपर्यंत ३० अंशांचा फरक धरला, तर तीन फुटांचा तुकडा जवळजवळ २ मिलिमीटर वाढतो. म्हणून पट्टीत तेवढी जागा सोडावी लागते. घट्ट ठोकून बसवलेलं अ‍ॅक्रिलिक उन्हाळ्यात पोट काढतं.

काच पुसायचा फवारा अ‍ॅक्रिलिकवर मारू नका. त्यातल्या अमोनियाने किंवा स्पिरिटने ते धुरकट होतं. किंचित ओलं मऊ सुती कापड पुरे.

किती उंचीवर आणि कुठे लावायचं?

चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच फुटांवर. सोफ्याच्या वर लावत असाल तर पाठीपासून सहा-आठ इंच वर आणि रुंदी सोफ्याच्या दोन तृतीयांश. आपल्याकडे तसबिरी छताला टेकवून लावायची सवय आहे. देवाला ते चालतं, विमानाला नाही.

विमानाचं नाक खोलीच्या आत वळलेलं हवं. दाराकडे किंवा कोपऱ्याकडे नाक असलं की विमान घर सोडून पळाल्यासारखं वाटतं. भिंतीचा रंगही बघा. पिस्ता रंगाच्या भिंतीवर हिरवं-तपकिरी विमान हरवून जातं. पांढरट किंवा फिकट पिवळी भिंत सगळ्यात बरी.

सिमेंटच्या भिंतीत ड्रिल मारून, गिट्टी ठोकून, स्क्रू पिळा. गावाकडच्या धाब्याच्या घरात मातीच्या भिंतीला जड फ्रेमचा खिळा धरत नाही. तिथे खांबाला किंवा वरच्या सरीला हूक मारून दोरीने सोडा. अशा घरात, काळ्या पडलेल्या सागवानी खांबावर एक लहानसं कृष्णधवल डकोटा मी पाहिलंय. फ्लॅटमधल्या मोठमोठ्या फ्रेमपेक्षा ते जास्त शोभत होतं.

मोबाइलवर आलेला फोटो मोठा करून द्याल का?

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोची लांब बाजू बहुधा १६०० पिक्सेलच्या आसपास असते. त्याचं दहा इंचांचं चित्र बरं येतं. २४ बाय ३६ साठी निदान ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. मूळ फाइल ईमेलने पाठवा.

हक्काचंही बघावं लागतं. अमेरिकी सरकारी छायाचित्रकारांनी काढलेले युद्धकाळातले फोटो सगळ्यांना मोकळे आहेत. ब्रिटिश सरकारी फोटोंची मुदतही संपलेली आहे. पण चित्रकाराने काढलेल्या चित्रावर आपल्या कायद्याने त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क असतो. हयात चित्रकाराचं चित्र इंटरनेटवरून उतरवून आम्ही छापत नाही.

फोटोच हवा असं नाही, मॉडेल ठेवलं तर?

उत्तम. १:७२ प्रमाणातलं मॉडेल घ्या. महायुद्धात सैनिकांना विमानं ओळखायला शिकवण्यासाठी याच मापाची मॉडेलं वापरत. काचेच्या पेटीत ठेवा, नाहीतर आपल्याकडची धूळ आठवड्यात विमान जमिनीवर आणते. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांची टेबलटॉप छायाचित्रं पाहिली असतील, तर टेबलावरच्या चिमूटभर वस्तूंतून केवढा देखावा उभा राहतो ते कळेल. थोडी माती, मागे राखाडी कागद, एका बाजूने दिवा. मॉडेलचा असा फोटो काढून आणा, आम्ही तो आनंदाने फ्रेम करू.

जुन्या विमानाचे डायल, भाग विकत घ्यावेत का?

महायुद्धातल्या पुष्कळ डायलवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग असे. चमक गेली तरी रेडियम जात नाही, त्याचं अर्धायुष्य १६०० वर्षं आहे. असा डायल उघडू नका, खरवडू नका, पोरांच्या हातात देऊ नका. मला विचाराल तर घेऊच नका. कुणी ‘मिगचा खरा भाग’ विकत असेल तर लिलावाची कागदपत्रं मागा. कागद नसतील तर तो भंगारातला पत्राही असू शकतो किंवा चोरीचा मालही.

आमच्या आजोबांचा वायुदलातला फोटो आहे. तो विमानाच्या चित्राबरोबर लावता येईल?

येईल, आणि हे काम मी सगळ्यात आधी हातात घेतो. मूळ फोटो टेपने चिकटवू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. तो स्कॅन करू, प्रत लावू, मूळ तुमच्या कपाटात परत. फोटोच्या पाठीमागचं लिखाणही स्कॅन करून आणा. गणवेश, तारीख, गावाचं नाव यावरून त्या वेळी कोणतं विमान असेल याचा अंदाज बांधता येतो. खाली नाव लिहिताना एक काळजी घ्या. १९४५ च्या मार्चमध्ये आपल्या वायुदलाला ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली आणि २६ जानेवारी १९५० ला ती गेली. १९४३ च्या फोटोखाली ‘रॉयल इंडियन एअर फोर्स’ लिहिलं तर आबांसारखं कुणीतरी येईल आणि फ्रेम परत उघडावी लागेल.

नंदुरबार, अक्कलकुव्याला पाठवता का?

पाठवतो, पण फक्त अ‍ॅक्रिलिकची. काचेची फ्रेम पार्सलने पाठवायचा नाद दोनदा केला, दोन्ही वेळा खुळखुळाच पोहोचला. काचेचीच हवी असेल तर जळगावला येणाऱ्या कुणाला तरी सांगा. उभी धरून न्यायची, आडवी नाही.